पुश्किनचा हबशी पणजा



नाशिकला गोदावरीच्या काठी आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी गेले असतील. तेथील तीर्थोपाध्याय प्रथम आडनाव विचारतात, मग मूळ गाव विचारतात, आणि घरातून एक जुनी लांबट वही घेऊन येतात. पाने उलटता उलटता ते एका ठिकाणी थांबतात आणि आपल्याला आपल्याच पणज्याचे नाव वाचून दाखवतात. तो कोणत्या साली यात्रेला आला, बरोबर कोण होते, मुलांची नावे काय, हे सारे तेथे असते, आणि खाली त्याच्या हातची मोडी सही असते. मनुष्य कितीही कोरड्या मनाचा असला, तरी ती सही पाहताना त्याचे बोट क्षणभर त्या अक्षरांवर रेंगाळतेच.

परंतु त्या वहीत नाव यायचे, तर घर सोडून यात्रेला निघण्याची मोकळीक मनुष्याला असावी लागते. ज्याला ती नव्हती त्याचे काय? पेशवाईत आपल्याकडे कुणबिणींची आणि बटकींची खरेदीविक्री होत असे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना नवी नाही. त्यांच्या नातवंडांनी आपल्या पणजीचे नाव कोणत्या घाटावर जाऊन विचारावे? कुलवृत्तान्त लिहिण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. सनदा, इनामे, वतने यांच्या याद्या त्यांत भक्तिभावाने दिलेल्या असतात. आमचा मूळ पुरुष बाजारात विकला गेला होता, असे वाक्य असलेला कुलवृत्तान्त मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आज मी ज्या घराण्याची हकीकत सांगणार आहे ते घराणे आपल्या देशातले नव्हे. ते रशियातले आहे, आणि त्याचा मूळ पुरुष रशियन नव्हता. तो आफ्रिकेतून आणलेला एक काळा मुलगा होता. त्याचा पणतू अलेक्सांद्र पुश्किन हा रशियन भाषेचा सर्वश्रेष्ठ कवी म्हणून ओळखला जातो. त्या पूर्वजाची आठवण घराण्याने कशी ठेवली, त्यातले काय सांगितले, काय झाकले, आणि अखेर त्या कवीने तिचे काय केले, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

अशी आठवण शिल्लक राहणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतल्या १८५० आणि १८६० सालच्या खानेसुमारीत गुलामांसाठी निराळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे. गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग आणि रंग. नाव लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही. गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या खानेसुमारीत ही माणसे प्रथम सरसकट नावानिशी अवतरली. म्हणून तेथला एखादा काळा मनुष्य आपल्या घराण्याचा शोध घेत मागे मागे जाऊ लागला, की १८७० पाशी एका भिंतीवर आदळतो. अलेक्स हेली या लेखकाने १९७६ साली ‘रूट्स’ हे पुस्तक लिहून त्या भिंतीपलीकडच्या आपल्या पूर्वजाची कथा सांगितली, तेव्हा लक्षावधी वाचकांनी ती आपलीच म्हणून वाचली. पुढे संशोधकांनी तिच्यातल्या वंशावळीतले दुवे सदोष ठरवले. तरीही त्या पुस्तकामागची तहान खोटी होती असे कोणी म्हणणार नाही.

पुश्किनपुढे अशी भिंत नव्हती. त्याच्यापुढे कागद होते, आणि ते सांगणारी जिवंत माणसे होती. त्याची अडचण वेगळी होती. त्याच्या हाती जी कथा आली, ती तीनचार हातांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेली होती.

प्रथम त्या मुलाची हकीकत थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १६९६ च्या सुमारास, तो जन्मला. सातआठ वर्षांचा असताना तो कॉन्स्टँटिनोपलला सुलतानाच्या राजधानीत पोचलेला दिसतो. तेथून साव्वा रागुझिन्स्की नावाच्या व्यापाऱ्याने त्याला मॉस्कोला आणले. रशियाच्या गादीवर तेव्हा थोरला पीटर होता. युरोपातल्या दरबारांत काळी मुले हौसेने बाळगण्याची त्या काळी रीत होती. जसे कोणी पोपट पाळावा, तशी ती मुले पाळली जात. परंतु पीटर हा विलक्षण राजा होता. कोणाच्या अंगी काय आहे हे पारखण्याची त्याला सवय होती. १७०५ साली विल्ना शहरातल्या एका चर्चमध्ये त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पीटर स्वतः धर्मपिता झाला. मुलाला नावही पीटर असेच द्यायचे होते, पण ते त्याला रुचले नाही. इब्राहिम या आपल्या जुन्या नावालाच तो चिकटून राहिला आणि रशियन वळणाने अब्राम झाला. बापाच्या नावाच्या जागी मात्र राजाचे नाव आले. अब्राम पेत्रोविच, म्हणजे पीटरचा मुलगा अब्राम.

पीटर जाई तेथे हा मुलगा बरोबर असे, मोहिमेवरसुद्धा. १७१७ साली पीटर फ्रान्सला गेला, तेव्हा त्याने त्याला शिक्षणासाठी तेथेच ठेवले. अब्राम फ्रेंच सैन्यात शिरला, स्पेनशी झालेल्या लढाईत डोक्याला जखम घेऊन कप्तान झाला, तोफखान्याच्या शाळेत गणित आणि तटबंदीचे शास्त्र शिकला आणि १७२३ साली पुस्तकांचा मोठा साठा घेऊन रशियात परतला. पुढे त्याने भूमिती आणि दुर्गरचना या विषयांवर दोन भागांचा ग्रंथ तयार करून तो सम्राज्ञी पहिली कॅथरीन हिला सादर केला. परंतु पीटर १७२५ सालीच वारला होता आणि आश्रय गेला होता. १७२७ साली मेन्शिकोव्ह या बलाढ्य सरदाराने त्याला किल्ला बांधण्याच्या निमित्ताने सायबेरियात, थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत, पिटाळले. तेथून तो परतला. १७४१ साली पीटरची मुलगी एलिझाबेथ गादीवर आली आणि त्याचे दिवस पालटले. तो मेजर जनरल झाला, बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेवाल बंदराचा, म्हणजे आजच्या टॅलिनचा, मुख्य सेनाधिकारी झाला. प्स्कोव्ह प्रांतात त्याला जहागीर मिळाली. १७५९ साली तो सर्वोच्च श्रेणीचा सेनापती झाला आणि १७८१ साली, पंच्याऐंशीच्या घरात पोचून, आपल्या सुइदा नावाच्या गावी शांतपणे मरण पावला. मध्यंतरी त्याने आडनाव घेतले होते ते गानिबाल, म्हणजे रशियन उच्चारातला हॅनिबल. रोमला थरकाप आणणाऱ्या आफ्रिकी सेनापतीचे नाव त्याने आपल्या दाराला लावले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या माणसाने स्वतः आपल्या बालपणाविषयी काय सांगितले? १७४२ साली त्याने सरदारकीची सनद आणि कुलचिन्ह मिळावे म्हणून अर्ज केला. त्या अर्जात तो सांगतो की, आपण आफ्रिकेतल्या उच्च कुळातले. लागोन नावाच्या गावी आपल्या वडिलांच्या मुलखात आपला जन्म झाला. वडिलांच्या ताब्यात आणखी दोन गावे होती. आणि लहान वयात आपण कॉन्स्टँटिनोपलहून रशियाला आलो ते आपखुशीने. श्रोतेहो, या ‘आपखुशीने’ या शब्दापाशी आपण जरा थांबले पाहिजे. आठदहा वर्षांचा मुलगा, ना आईबाप जवळ, ना कोणी ओळखीचे, परक्या राजधानीतून त्याहून परक्या, बर्फाच्या देशात आणलेला. त्याची खुशी कोणी विचारली असेल? परंतु अर्ज लिहिणारा तो मुलगा नव्हता. तो पन्नाशीकडे झुकलेला मेजर जनरल होता आणि सरदारांच्या पंक्तीत पाट मागत होता. त्या पंक्तीत बसायचे तर आपण कधी काळी कोणाच्या मालकीची वस्तू होतो असे लिहून चालण्यासारखे नव्हते. त्याने खोटे लिहिले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र त्या एका शब्दात चाळीस वर्षे दाबून ठेवलेली एक जखम दिसते.

त्याच्या मागे त्याच्या जावयाने जर्मन भाषेत त्याचे चरित्र लिहून ठेवले. तेथे शब्द बदलला. आता तो मुलगा स्वखुशीने आलेला नव्हता, तर सुलतानाकडे ओलीस म्हणून ठेवलेला राजपुत्र होता. कुळाचा संबंध तर थेट कार्थेजच्या हॅनिबलपर्यंत पोचवला गेला. ओलीस हा शब्दही मानाचाच आहे. ओलीस ठेवतात ते मोठ्यांच्या मुलांना. गुलाम कोणालाही करता येते. घराण्याच्या आठवणींचा हा स्वभावच आहे. त्या दुःख सांगतात, पण त्याला जरीकाठ लावून सांगतात. आपल्याकडेही दुष्काळात पोटासाठी देशोधडीला लागलेला पूर्वज दोन पिढ्यांनंतर स्वारीवर निघालेला शिलेदार होतो, हे आपण पाहतोच.

परंतु त्या चरित्रात जरीकाठाखालून एक धागा उघडा राहिला. मुलाला घेऊन जहाज निघाले, तेव्हा लागान नावाची त्याची बहीण त्याच्यासाठी पाण्यात उतरली, अशी ती आठवण आहे. या गोष्टीने घराण्याची शोभा वाढत नाही, तिने सरदारकी मिळत नाही. पुराव्याच्या दृष्टीने ती कितपत टिकेल हेही सांगता येत नाही. नाबोकोव्हसारख्या चिकित्सक लेखकाने या साऱ्या बालपणकथेकडे संशयाने पाहिले आहे. असे असूनही ती का टिकली? एका म्हाताऱ्याने ती पुनःपुन्हा सांगितली असली पाहिजे, एवढेच उत्तर मला सुचते.

हे लागोन कोठले, यावरही पुष्कळ वाद झाला. १८९९ साली अनुचिन या रशियन मानववंशशास्त्रज्ञाने ते अबिसिनियात असल्याचे मत मांडले आणि ते दीर्घकाळ मान्य राहिले. त्या मांडणीवर तत्कालीन वंशकल्पनांचा पगडा होता. एवढ्या थोर कवीचा पूर्वज मध्य आफ्रिकेतला काळा मनुष्य असावा, यापेक्षा तो अबिसिनियाचा असणे त्या काळच्या विद्वानांना सोयीचे वाटे. आपल्या भाषेतला ‘हबशी’ हा शब्दही मुळात अबिसिनियाच्या माणसाचा वाचक. पुढे आपण तो सैलपणे साऱ्याच आफ्रिकी लोकांना लावला, आणि मीही आज तो त्याच सैल अर्थाने वापरतो आहे. १९९० नंतरच्या दशकात दिउदोने ग्नामांकू या बेनिनच्या संशोधकाने दाखवून दिले की, चाड सरोवराच्या दक्षिणेस, आजच्या कॅमेरूनमध्ये, लोगोन नदीच्या काठी लोगोन-बिर्नी नावाचे जुने राजधानीचे गाव आहे आणि अर्जातल्या वर्णनाशी ते जुळते. आज बहुतेक अभ्यासक याच मताकडे झुकतात. तेथून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तेव्हा बहीण उतरली असेल ती समुद्रात नव्हे, नदीत; आणि ते जहाज नसून होडी असेल. मला तरी हा फरक कथेला खोटे पाडणारा वाटत नाही. तिचे पाणी कोणते हे तेवढे कळते.

आता पुश्किनकडे येऊ. अब्रामचा मुलगा ओसिप, ओसिपची मुलगी नाद्येझ्दा, आणि तिच्या पोटी १७९९ साली अलेक्सांद्र जन्मला. बापाकडून पुश्किन घराणे सहाशे वर्षांचे, रशियातल्या जुन्यात जुन्या सरदारांपैकी. त्याला मिरवायचेच असते, तर ती एक बाजू पुरेशी होती. परंतु १८२४ साली झारने त्याला आईकडच्या मिखाइलोव्स्कोये या गावी हद्दपार करून ठेवले, आणि हे गाव म्हणजे अब्रामला मिळालेल्या जहागिरीचाच एक तुकडा. जवळच त्याचा चुलत आजोबा प्योत्र राहत होता. हा अब्रामचा मुलगा तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. पुश्किन मुद्दाम त्या म्हाताऱ्याकडे जाई आणि त्याच्याजवळचे कागद मागे. जर्मन चरित्राचा सारांश त्याने आपल्या हाताने उतरवून घेतला.

१८२५ साली ‘येव्गेनी ओनेगिन’ या त्याच्या पद्यकादंबरीचा पहिला सर्ग प्रसिद्ध झाला. त्यात एका कडव्यात त्याने आफ्रिकेला आपली म्हटले, आणि वाचक बुचकळ्यात पडतील म्हणून त्याला एक लांब टीप जोडली. त्या टिपेत तो सांगतो की, आपला पणजा आठव्या वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवला गेला; रशियन वकिलाने त्याला सोडवून पीटरकडे भेट म्हणून पाठवले; पुढे त्याचा भाऊ खंडणी घेऊन त्याला न्यायला आला, पण पीटरने त्याला परत दिले नाही; आणि म्हातारपणीही त्याला बापाच्या घरचे कारंजे, एकोणीस भाऊ आणि लांबवर जहाजामागे पोहत येणारी ती बहीण आठवत असे. पाहा, शब्द पुन्हा बदलला. ‘आपखुशीने’ गेले, ‘ओलीस’ गेले. ‘पळवलेला’ आणि ‘भेट दिलेला’ हे शब्द आले. भेट म्हणून वस्तू देतात, माणूस नव्हे. पणतू पणज्यापेक्षा खरे बोलू लागला होता. त्याच सुमारास एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, ग्रीक लोकांच्या स्वातंत्र्याची चर्चा चालू असता, त्याने काळ्या गुलामांचा उल्लेख आपले भाऊ असा केला आणि त्यांच्या सुटकेची इच्छा प्रकट केली.

१८२७ साली मिखाइलोव्स्कोयेमध्येच त्याने या पणज्यावर कादंबरी लिहावयास घेतली. गद्यातला तो त्याचा पहिलाच मोठा प्रयत्न. सहा प्रकरणे झाली, सातवे सुरू झाले आणि लेखणी थांबली. त्याच्या मृत्यूनंतर ती अपुरीच ‘थोरल्या पीटरचा हबशी’ या नावाने छापली गेली. तिच्यात कवीने कल्पनेने घातलेला एक प्रसंग फार बोलका आहे. पॅरिसमध्ये एका फ्रेंच सरदाराच्या पत्नीला इब्राहिमपासून काळे मूल होते. गवगवा होऊ नये म्हणून ते तान्हे मूल झाकलेल्या टोपलीत घालून चोरजिन्याने बाहेर नेतात आणि त्याच्या जागी एका गरीब बाईचे गोरे मूल आणून ठेवतात. ते मूल दूर कोठे वाढावयास पाठवले, एवढेच आपल्याला कळते. ज्याला लहानपणी आईपासून तोडले, त्याच्याच मुलाला जन्मताच आईपासून तोडले जाते, आणि त्याला ते मुकाट्याने पाहावे लागते. अर्जात न मावलेले, चरित्रात न आलेले बालपण पुश्किनने असे आडवळणाने लिहिले.

परंतु या कादंबरीला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पीटर आपल्या आवडत्या इब्राहिमसाठी एका जुन्या सरदाराच्या मुलीला मागणी घालतो. राजाची मागणी, बाप नाही कसे म्हणणार? मुलीचे मन दुसऱ्यावर असते. तिला बातमी कळते आणि ती अंथरूण धरते. कादंबरी जवळजवळ येथेच तुटते. प्रत्यक्षात काय घडले होते? १७३१ साली अब्रामने येव्दोकिया दिओपर या ग्रीक दर्यावर्दीच्या मुलीशी लग्न केले. तिची इच्छा नव्हती. पुढे त्याने तिच्यावर व्यभिचाराचा आणि विषप्रयोगाचा आळ घेतला, तिला मारहाण केली, कैदेत टाकविले. ती अनेक वर्षे कैदेत होती. तिच्याशी काडीमोड झालेला नसताना त्याने १७३६ साली ख्रिस्तिना श्योबेर्गशी दुसरे लग्न केले, आणि पुश्किनचे घराणे त्या दुसऱ्या लग्नातून आले. १७५३ साली धर्मसत्तेने निकाल दिला आणि येव्दोकियाची रवानगी मठात झाली. घराण्याच्या आठवणीत ती फक्त गोऱ्या मुलीला जन्म देणारी व्यभिचारी बायको म्हणून उरली, आणि स्वतः पुश्किननेही आपल्या टिपणांत तिला तेवढेच स्थान दिले. कादंबरीत मात्र त्याने तिच्यासारख्या एका मुलीला अंथरुणावर तळमळताना दाखवले. ज्याच्यावर मालकी गाजवली गेली, तोच एका बाईवर मालकी गाजवू पाहतो, हे लिहिण्याच्या उंबरठ्यापर्यंत तो आला होता. उंबरठा त्याने का ओलांडला नाही, याची कारणे टीकाकार नाना सांगतात. मला वाटते, पूर्वजाचा अपमान लिहिणे एक वेळ साधते. पूर्वजाने केलेला अन्याय लिहिताना हात अधिक जड होतो.

हाच पेच जहागिरीचा. अब्रामला जमीन मिळाली ती माणसांसकट. रशियातले भूदास जमिनीला बांधलेले असत, विकले जात, गहाण पडत. एके काळचा विकला गेलेला मुलगा आता शेकडो माणसांचा धनी झाला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, १७४३ साली आपल्या जमिनीचा काही भाग खंडाने देताना त्याने करारात अट घातली होती: भूदासांना मारहाण करायची नाही आणि ठरल्याहून जास्त वेठ घ्यायची नाही. खंडकऱ्याने अट मोडली तेव्हा त्याने करारच मोडला. कोठे तरी त्याला ती जुनी ओळख पटली असावी. पण माणसे मोकळी केली नाहीत. त्याच्या सुइदा गावच्या भूदासांत अरीना नावाची एक मुलगी होती. पुढे ती पुश्किनची दाई झाली. हद्दपारीच्या दिवसांत, बर्फाने रस्ते बंद झालेल्या त्या घरात, तिने त्याला लोककथा सांगितल्या, आणि त्या कथांतून रशियन वाङ्मयाला केवढे धन मिळाले हे सर्वश्रुत आहे. म्हणजे पाहा, एका गुलामाचा पणतू त्याच गुलामाच्या मालकीत वाढलेल्या दासीच्या तोंडून गोष्टी ऐकत होता. रशियातली ही भूदासप्रथा १८६१ साली उठली. तोपर्यंत पुश्किनला जाऊन चोवीस वर्षे झाली होती.

१८३० साली तो प्रसंग आला, ज्याने या साऱ्या आठवणीची परीक्षा घेतली. बुल्गारिन नावाचा एक पत्रकार पुश्किनवर दात ठेवून होता. त्याने आपल्या पत्रात नाव न घेता एक चुटका छापला की, अमुक एका कवीचा मोठ्या कुळातला म्हणून मिरवलेला पूर्वज वस्तुतः एका तांडेलाने रमच्या एका बाटलीला विकत घेतलेला हबशी होता. साऱ्या पीटर्सबर्गला इशारा समजला. शंभर वर्षे जो शब्द टाळला, तो शेवटी शत्रूच्या तोंडून बाहेर पडला: ‘विकत’.

अशा वेळी सामान्य मनुष्य काय करतो? कागदपत्रे काढतो, राजपुत्र होता हो म्हणून शपथा घेतो, अब्रूनुकसानीची भाषा करतो. पुश्किनजवळ तर कागदपत्रे होतीही. त्याने ‘माझी वंशावळ’ ही कविता लिहिली आणि शेवटी पुरवणी जोडून बुल्गारिनला उत्तर दिले. त्या उत्तरात तो विकत घेतल्याची गोष्ट नाकारतच नाही. तो फक्त विचारतो की, तो तांडेल कोण होता? रशियाचे तारू ज्याने नव्या दिशेला वळवले तो पीटर. आणि विकत घेतलेला तो मनुष्य पुढे कोणाला विकला गेला नाही. लाच त्याला माहीत नव्हती, राजाचा तो सोबती झाला. शत्रूने शिवी म्हणून फेकलेला शब्द त्याने उचलला आणि पणज्याच्या नावापुढे ठेवला. झारने ती कविता न छापण्याचा सल्ला दिला, पण हस्तलिखिते हातोहात गेली. आपखुशी, ओलीस, पळवलेला, भेट आणि विकत. सत्यापर्यंत पोचायला एका घराण्याला नव्वद वर्षे आणि चार पिढ्या लागल्या, आणि अखेरचे पाऊल एका कवीने टाकले.

आपल्या दख्खनला ही कथा परकी वाटू नये. मलिक अंबर हाही गुलामांच्या बाजारातून आलेला हबशी मुलगा. निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याने त्याला विकत घेतले, आणि तो चंगीझखान स्वतः एके काळचा गुलाम. पुढे मोगलांना दमवणारा, १६१० साली खडकी शहर वसवणारा, जमीनमहसुलाची घडी बसवणारा अंबर आपण जाणतो. शहाजीराजे त्याच्या बरोबरीने लढले. ‘शिवभारता’त त्याचे नाव आदराने येते. १६२६ साली तो वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. अंबर आपल्याला पूर्ण ठाऊक आहे. त्या बाजारात उभा असलेला मुलगा मात्र ठाऊक नाही. त्याच्या मागे कोणी पुश्किन झाला नाही. त्याचे दुःख आठवण्याचे काम त्याच्या रक्ताच्या कोणी केले नाही, म्हणून ते आपल्या सगळ्यांवर येऊन पडले आहे असे मी समजतो.

पुश्किन १८३७ साली द्वंद्वात मारला गेला. प्स्कोव्ह प्रांतातल्या स्व्यातोगोर्स्क मठात त्याला पुरले, आपल्या आईजवळ आणि आजोबा ओसिप गानिबालजवळ. पीटर्सबर्गला मोइका नदीच्या काठी त्याचे अखेरचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. तेथे एक दौत आहे. १८३२ च्या नववर्षासाठी नाश्चोकिन या त्याच्या मित्राने ती भेट पाठवली होती आणि लिहिले होते की, तुझा पूर्वज पाठवीत आहे. त्या दौतीवर जी मूर्ती आहे ती सेनापतीची नव्हे. तिच्या अंगावर पदके नाहीत, कुलचिन्ह नाही. नांगराला टेकून उभा असलेला तो एक काळा हमाल आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मालाच्या गासड्या म्हणजे शाईची भांडी. मित्राने ती थट्टेने पाठवली असेल. पुश्किनने ती मेजावर ठेवली. बुल्गारिनच्या चुटक्यातला हबशी तो हाच. आणि त्याच्या पायाशी लेखणी बुडवून तो लिहीत राहिला.

आपल्या घरी कधी कुलवृत्तान्त लिहिण्याची वेळ आली, तर सनदांच्या याद्या जरूर द्याव्यात. परंतु जे नाव घेताना आजोबांचा आवाज खाली जात असे, ते नावही त्यात घालावे. आणि त्या पूर्वजाने ज्यांना दुखावले असेल त्यांचेही. त्यामुळे कुळाचा मोठेपणा कमी होत नाही.